फोटोंच्या तारखांचा घोळ: सॉफ्टवेअर टाकायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगते, तुमचा आजार हाच आहे का ते बघा.

नवीन लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर फोटो टाकले आणि दहा वर्षांचे सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतायत, म्हणजे ज्या दिवशी कॉपी केले तो दिवस. किंवा बारशाचे फोटो लग्नाच्या आधी येतायत. किंवा यादीच्या एकदम तळाशी शे-दोनशे फोटो १ जानेवारी १९८० चे, आणि काही तर १ जानेवारी १९७० पहाटे साडेपाचचे, तेव्हा घरात डिजिटल कॅमेरा सोडा, टीव्ही पण नव्हता. किंवा फोटो बरोबर आहेत पण व्हिडिओ साडेपाच तास मागे. किंवा एकाच लग्नाचे दोघांच्या मोबाइलमधले फोटो एकत्र केले तर अक्षता पडायच्या आधीच पंगती बसल्यात. किंवा फक्त व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचीच बोंब. किंवा स्कॅन केलेला आजीच्या साठीचा फोटो २०२१ चा दाखवतोय.

यातलं एक जरी जुळलं तरी पुढे वाचा. पण फोटो अर्धाच दिसतोय आणि खाली राखाडी पट्टा, किंवा एक फोल्डर उघडायला पाच पाच मिनिटं लागतायत, किंवा डिस्कमधून टिक टिक येतंय, तर तो हा आजार नाही. काहीही न करता डिस्क काढून बाजूला ठेवा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते, आयटीतली नाही, अकाउंट्सचं काम करते. आमच्या घरचे साठ हजाराच्या वर फोटो एकदा मीच लावले, तिथून नातेवाइकांत बातमी पसरली आणि आता दर दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी डिस्क घेऊन येतंच. चहा होतो, डिस्क लागते आणि दर वेळी तोच घोळ. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

दोन मिनिटांचं, फुकट: कुठली तारीख बघताय?

अर्धे लोक इथेच बरे होतात, खरंच. एका फोटोला एक तारीख नसते, कमीत कमी तीन असतात. एक फोटोच्या पोटात असते, कॅमेऱ्याने क्लिक करताना लिहिलेली, तिला एक्झिफ म्हणतात. बाकी दोन बाहेरच्या, फाइल या डिस्कवर कधी तयार झाली आणि शेवटची कधी बदलली. पत्राच्या आत लिहिलेली तारीख वेगळी आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का वेगळा, तसंच. तुम्ही कॉपी केलं की नवीन डिस्कवर फाइल आज तयार झाली म्हणून शिक्का आजचा पडतो, आतल्या पत्राला कोणी हात लावलेला नसतो. यात एक गंमत होते, फाइल तयार झाली २०२४ मध्ये आणि शेवटची बदलली २०१४ मध्ये असं दिसतं, लोक घाबरतात, पण ते नॉर्मल आहे.

तर विंडोजमध्ये फोल्डर उघडा, डिटेल्स व्ह्यू करा, वरच्या शीर्षकांच्या पट्टीवर राइट क्लिक, तिथे 'डेट टेकन' ला टिक करा आणि मग त्या शीर्षकावर क्लिक करून लावा. फोटो सरळ रांगेत आले? मग काहीही बिघडलं नव्हतं, तुम्ही पाकीट बघत होतात. लॅपटॉप बंद करा आणि जेवायला बसा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी याच दुखण्यासाठी पैसे भरून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्याने सगळ्या फाइलींची नावं बदलून पाकिटावरच्या तारखेची करून टाकली, मग खरोखरचा आजार झाला.

डेट टेकनचा रकाना रिकामा असलेले

आता त्या रकान्यात ज्यांची जागा मोकळी आहे ते सगळे एकत्र होतील. यात असतात व्हॉट्सॲपचे फोटो, स्क्रीनशॉट, स्कॅन, आणि ज्यांची एक्झिफ कुठल्यातरी एडिटिंग ॲपने पुसली ते. यांना आत पत्रच नाही, नुसतं पाकीट. म्हणून पुढची फुकट तपासणी म्हणजे फाइलचं नाव वाचा. बहुतेक अँड्रॉइड फोन नावातच तारीख लिहितात, आधी वर्ष मग महिना मग दिवस, पुढे वेळ. व्हॉट्सॲपच्या नावातसुद्धा आठ आकडे असतात, २०१९०४०६ आणि पुढे डब्ल्यूए आणि नंबर. पण लक्षात घ्या, ती फोटो काढल्याची तारीख नाही, तो व्हॉट्सॲपवर आल्या-गेल्याची आहे. ६ एप्रिल २०१९ ला गुढीपाडवा होता, शोभायात्रेचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर पडले असतील तर ठीक, पण वहिनींनी दोन दिवसांनी पाठवले तर नावात ८ असणार. दिवस जवळपास कळतो एवढं समाधान मानायचं.

आयफोनचे मात्र नुसते नंबर असतात, कॅमेऱ्यांचेही तेच, आणि ९९९९ झालं की परत १ पासून सुरू. म्हणजे एकाच नंबरचे दोन वेगळे फोटो असू शकतात. एका फोल्डरमध्ये टाकताना 'रिप्लेस करू का' विचारलं आणि हो म्हणालात तर एक गेला, कायमचा. तिथे नेहमी दोन्ही ठेवा.

मूळ फोटो अजून कोणाकडे आहे का

हे तपासायला पैसे लागत नाहीत, एक फोन लागतो. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना तो लहान करतं आणि आतली एक्झिफ काढून टाकतं. ओळखायचं कसं, तर फोटोची मापं बघा. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो साधारण ४००० गुणिले ३००० असतो, दोन-चार एमबीचा. व्हॉट्सॲपवरून आलेला बहुतेक वेळा लांब बाजूला १६०० च्या आसपास आणि काहीशे केबी. असा असेल तर तारीख दुरुस्त करत बसण्याआधी ज्याने काढला त्याला विचारा की बाबा मूळ आहे का अजून तुझ्याकडे, आणि असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट. आमच्या नणंदेच्या डोहाळजेवणाचे चाळीसएक फोटो मी दोन संध्याकाळी बसून अंदाजाने लावले आणि तिसऱ्या दिवशी तिच्या दिराच्या फोनमध्ये सगळे मूळ निघाले, ढेकळासारखे पडून होते. तेव्हापासून आधी विचारते.

इथून पुढे फोटोला हात लागणार, म्हणून आधी कॉपी

इथपर्यंत आपण नुसतं बघत होतो. आता बदल करायचेत, आणि बदल म्हणजे चूक होण्याची शक्यता, म्हणून इथे पहिल्यांदा थोडा खर्च करा, दुसरी हार्ड डिस्क घ्या आणि सगळं त्यावर कॉपी करा. कॉपी म्हणजे कॉपी, कट-पेस्ट नाही. मागे एका दुकानात मी जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर टाकायला दिलं होतं, त्या मुलाने वेळ वाचवायला कट केलं, मधे लाइट गेले, अर्धं इकडे अर्धं तिकडे आणि मधलं एक फोल्डर कुठेच नाही. ते फोल्डर बाबांच्या एकसष्टीचं होतं. मुलाचा दोष म्हणावा तर मी पण सांगितलं नव्हतं.

कॉपी झाली की दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतायत का बघा, मग ही दुसरी डिस्क कपाटात. काम करायचं ते एकाच प्रतीवर.

आणि अजून एक, तारखा बदलायच्या आधीच हुबेहूब डुप्लिकेट काढून घ्या. हे बरेच जण उलटं करतात. डुपगुरूसारखं फुकट सॉफ्टवेअर फाइल बाइट न् बाइट जुळतेय का बघतं. तुम्ही दोन सारख्या प्रतींपैकी एकीची तारीख बदललीत की फाइलीतले बाइट बदलतात आणि मग ते म्हणणार ह्या दोन वेगळ्या फाइली आहेत, डोळ्यांना फोटो तोच दिसला तरी. दिसायला सारखे फोटो शोधायचा पण पर्याय त्यात असतो पण तो नंतर, आणि त्याने निवडलेले डोळे झाकून डिलीट करायचे नाहीत, ग्रुप फोटोत एकात आजोबांचे डोळे मिटलेले आणि एकात उघडे, त्याला ते सारखेच. ठेवायचा कुठला हा प्रश्न आला तर मोठ्या मापाचा आणि डेट टेकन असलेला ठेवा.

तारीख आहे पण चुकीची आहे: कॅमेऱ्याचं घड्याळ

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण याला थोडं डिटेक्टिव्हगिरी लागते. आधी १९७० आणि १९८० चं सांगून टाकते. बऱ्याच सिस्टीम वेळ मोजायला १ जानेवारी १९७० ग्रिनिचची मध्यरात्र हे शून्य धरतात, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. मेमरी कार्डवर फाइली ठेवायची जी फॅट नावाची पद्धत असते तिचं शून्य १ जानेवारी १९८०. म्हणजे या तारखा दिसल्या तर ती चुकीची तारीख नसून तारीखच नाही असं समजा. पण पोटातल्या एक्झिफमध्येच १ जानेवारी २००८, २००९ असलं काही दिसलं तर ते कॅमेऱ्याचं घड्याळ.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यांमध्ये आत एक बारकी बॅटरी असते, ती फक्त घड्याळ चालू ठेवते. मोठी बॅटरी काढून कॅमेरा कपाटात ठेवला की काही दिवसांनी ती उतरते आणि घड्याळ परत कारखान्यातल्या १ जानेवारीवर. मग पुढच्या सणाला कॅमेरा बाहेर निघतो, तारीख विचारतो, आणि घाईत सगळे ओके दाबतात.

शिवाईनगरच्या आत्याकडे असंच झालं होतं. अकराशे-साडेअकराशे फोटो आणि त्यातले निम्मे १ जानेवारी २००९ च्या आसपास. मी एक आरतीचा फोटो मोठा करून बघितला, मागे शोकेसच्या वर भिंतीवरचं घड्याळ, त्यात दहा पन्नास. आत्या म्हणाली अगं ते घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, तुझे काका लोकल चुकू नये म्हणून तसंच लावायचे. म्हणजे खरे दहा चाळीस. आता वर्ष कुठलं यावरून आत्याचं आणि तिच्या मुलाचं जुंपलं, ती म्हणे २०११, तो म्हणे मी तेव्हा दुसरीत होतो म्हणजे २०१२. फोटोच्या कोपऱ्यात कालनिर्णय लटकत होतं, सप्टेंबरचं पान, आणि झूम केल्यावर १ तारीख शनिवारच्या रांगेत दिसली. सप्टेंबर २०११ ची १ तारीख गुरुवारी होती आणि त्याच दिवशी गणपती होते, २०१२ ला १ तारीख शनिवार आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, बुधवारी. मुलगा जिंकला.

तर कॅमेरा म्हणतोय १ जानेवारी २००९, बारा वाजून वीस मिनिटं, रात्रीचे. खरी वेळ १९ सप्टेंबर २०१२, सकाळचे दहा चाळीस. फरक १३५७ दिवस, १० तास, २० मिनिटं. हा फरक तपासायचा कसा, तर दुसरा एक फोटो घ्या ज्याची वेळ साधारण माहीत आहे. त्यांचा दीड दिवसाचा गणपती, विसर्जन उपवन तलावात. विसर्जनाच्या फोटोवर कॅमेऱ्याची वेळ २ जानेवारी, सकाळी आठ पाच. फरक मिळवला की २० सप्टेंबर, संध्याकाळचे सहा पंचवीस, आणि फोटोत तलावावर मावळतीचा उजेड. बसलं.

आता इथे एक फसगत असते. हाच फरक सगळ्या अकराशे फोटोंना लावू नका! घड्याळ एकदाच रिसेट झालं असं नसतं, प्रत्येक वेळी कॅमेरा कपाटात गेला की परत होतं. म्हणून तारखेने नाही तर फाइलच्या नंबरने फोटो लावा आणि तारखेचा रकाना वरून खाली वाचत जा. नंबर पुढे पुढे जातोय आणि तारीख अचानक मागे उडी मारून १ जानेवारीवर आली, की तिथे नवा तुकडा सुरू. आत्याकडे असे चार तुकडे निघाले. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा एक खात्रीचा फोटो शोधायचा, त्याचा फरक वेगळा काढायचा. लग्नपत्रिका, केकवर लिहिलेलं वय, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मागचा बॅनर, हॉलच्या दारावरची फुलांची पाटी, काहीही चालतं. सणांचे फोटो सगळ्यात सोपे, तिथी नक्की असते, वर्ष कळलं की तारीख मिळतेच.

प्रत्यक्ष बदलायला डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, त्यात तारीख-वेळ ॲडजस्ट करायचं टूल आहे, निवडलेल्या फोटोंना अमुक इतके दिवस-तास मिळवा किंवा वजा करा असं सांगता येतं. एक्सएनव्ह्यू एमपीमध्ये पण आहे, घरच्या वापराला फुकट. दोन-चारच फोटो असतील तर विंडोजमध्येच प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये डेट टेकन हाताने बदलता येते, पण एकदम पन्नास निवडून बदललीत तर पन्नासही फोटोंवर एकच वेळ पडते आणि क्रम गेला. ज्यांना काळ्या खिडकीत कमांड टाकायची भीती नाही त्यांच्यासाठी एक्झिफटूल, ते बदल करताना मूळ फाइल शेजारी जपून ठेवतं, 'ओरिजिनल' असं शेपूट लावून. मी एकदा अधिकच्या जागी वजा टाकलं होतं, तीन हजार फोटो २००५ मध्ये जाऊन बसले, त्या शेपटामुळे वाचले. तरी आधी पाच फोटोंवर करून बघा, उघडून बघा, मगच बाकीचे.

व्हिडिओ साडेपाच तास मागे

हे बिघडलेलं नसतं, वाचणाऱ्याचा गैरसमज असतो. एमपी४ व्हिडिओच्या आत वेळ ग्रिनिचची लिहायची पद्धत आहे, फोटोत मात्र स्थानिक वेळ. जे सॉफ्टवेअर ती वेळ बदलून न घेता तशीच दाखवतं तिथे आपले साडेपाच तास गळतात. दुपारचं असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण पाडव्याला पहाटे पाचला नऊवारी नेसून आरशासमोर काढलेला व्हिडिओ आदल्या दिवशी रात्री साडेअकराचा होतो आणि वेगळ्याच फोल्डरमध्ये जातो. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर काढलेल्यांचं पण तेच. आधी व्हिडिओ दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत उघडून बघा, तिथे वेळ बरोबर दिसली तर फाइलला हात लावू नका, नाहीतर उद्या शहाण्या सॉफ्टवेअरमध्ये साडेपाच तास पुढे दिसेल. काही कॅमेरे मात्र व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात, म्हणून एकाच उपकरणाचे दोन-तीन व्हिडिओ तपासल्याशिवाय सरसकट काही करायचं नाही. पीएक्सएलने सुरू होणाऱ्या, म्हणजे गूगल पिक्सेल फोनच्या, फोटोंच्या नावातली वेळही ग्रिनिचची असते, त्यांची आतली तारीख बघायची, नाव नाही.

दोन कॅमेरे, एक समारंभ

मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप बरोबर असतं, कॅमेऱ्याचं हाताने लावलेलं, सात-आठ मिनिटांचा फरक सहज असतो. मोबाइल खरा धरून कॅमेऱ्याचे सरकवा. परदेश ट्रिपमध्ये हेच मोठं होतं, उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे, फोन उतरल्या उतरल्या तिकडची वेळ घेतो आणि कॅमेरा ठाण्यातच राहतो. पुढच्या वेळी एक करा, समारंभ सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. डिजिकॅममध्ये अशा घड्याळाच्या फोटोवरून फरक काढायची सोयच आहे.

गूगल फोटोजवरून उतरवलेले

जून २०२१ पासून नवीन फोटो गूगलच्या फुकट १५ जीबी जागेत मोजायला लागले तेव्हापासून बरेच जण टेकआउट या गूगलच्याच सोयीने सगळं खाली उतरवतात. झिप उघडल्यावर पाकिटावर आजची तारीख पडते, ते सोडा, पोटातली तारीख बहुतेकांत शाबूत असते. अडचण त्यांची, ज्यांची तारीख तुम्ही ॲपमध्ये हाताने दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती फोटोत जात नाही, शेजारी जी जेसन नावाची छोटी फाइल येते तिच्यात असते. म्हणून त्या कचरा समजून उडवू नका. एक्झिफटूलने त्यातली तारीख फोटोत घालता येते, पण लांब नावं तुटलेली असतात, कंसातले नंबर भलतीकडे असतात, त्यामुळे काही जोड्या जुळत नाहीत. पन्नास-शंभर फोटोंचा प्रश्न असेल तर हाताने करा. हजारो असतील आणि कमांडची सवय नसेल तर कोणा जाणकार भाच्याला बसवा, इथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

स्कॅन केलेले जुने फोटो

यांची तारीख कोणतंच सॉफ्टवेअर शोधून देणार नाही, माणसं देणार, आणि ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. म्हणून हे काम अवघड यादीत असलं तरी उशीर याला करू नका. मी आईला शेजारी बसवते, टीव्हीला लॅपटॉप जोडते आणि एकेक फोटो लावते, ती सांगते तसं लिहिते. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजू पण स्कॅन करायची. नक्की तारीख नसेल तर मी त्या वर्षाची १ जून टाकते आणि कॅप्शनमध्ये 'अंदाजे' लिहिते, म्हणजे वर्षाच्या मधोमध पडतो आणि पुढे मलाच कळतं की ही तारीख खरी नाही. एका अल्बममधले फोटो एक-एक मिनिटाच्या फरकाने टाकले की अल्बमचा क्रम टिकतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बमना ओल लागते आणि फोटो एकमेकांना किंवा वरच्या प्लॅस्टिकला चिकटतात. ते ओढून सोडवू नका, वरचा थर दुसऱ्यावर येतो आणि दोन्ही जातात. चिकटलेले फोटो, बुरशी आलेल्या निगेटिव्ह हे जुने फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे द्यायचं काम.

परत परत का होतं

कारण दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलतो आणि दर वेळी वेगळ्या रस्त्याने फोटो सरकवले जातात, कधी केबल, कधी व्हॉट्सॲप, कधी ब्लूटूथ. मी आता एकच करते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी केबलने फोनचं कॅमेरा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी, फोल्डरच्या नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस आणि पुढे कारण, म्हणजे '२०२३-०९-१९ गणपती', नावाने लावलं तरी क्रम बरोबर येतो. व्हॉट्सॲपचे वेगळ्या फोल्डरमध्ये, कॅमेऱ्याच्या फोटोंत मिसळायचेच नाहीत, गुड मॉर्निंगची फुलं तिथेच वेगळी पडतात.

इथे थांबा

डिस्क टिक टिक किंवा खरखर करतेय, जोडल्यावर दिसते आणि मधेच गायब होते, 'फॉरमॅट करा' म्हणतेय, किंवा क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पिवळा किंवा लाल शेरा आलाय. पिवळा असेल आणि डिस्क नीट उघडत असेल तर आजच्या आज सगळ्यात मोलाचे फोटो आधी कॉपी करा, बाकी नंतर. आवाज येत असेल तर तेही नाही, वायर काढा. विंडोजमधलं चेकडिस्क चालवू नका, ते फाइल सिस्टीम जुळवायला बघतं, तुमचे फोटो वाचवायला नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन् तास पळवतं. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे अजून भेटतात, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

कार्डवरून चुकून डिलीट झालंय एवढंच असेल तर घरी प्रयत्न करता येतो. त्या कार्डवर एकही नवा फोटो काढायचा नाही, कार्डच्या कडेची कुलपाची पट्टी खाली करायची आणि फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर चालवायचं, मिळालेलं दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं, त्याच कार्डवर नाही. नावं जातात पण पोटातली तारीख राहते, म्हणजे परत लावता येतात. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून डिलीट झालेले मात्र बहुतेक वेळा परत येत नाहीत, ती जागा सिस्टीम स्वतःच साफ करून टाकते.

आवाज करणारी, पडलेली, भिजलेली डिस्क किंवा संगणकाला दिसतच नसलेलं कार्ड, हे थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे. कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे नको, डिस्क उघडायला धूळ नसलेली खोली लागते, टेबलावर उघडली की संपलं. देताना विचारा तपासणीचे किती, काही मिळालं नाही तर किती, आणि ते लिहून घ्या. काय मिळालं त्या फाइलींची यादी पैसे भरायच्या आधी मागा. तुम्हाला कुठले फोल्डर आधी हवेत ते कागदावर लिहून द्या, त्यांना एकसष्टी आणि ऑफिसची पिकनिक यातला फरक कळणार नाही. आणि डिस्क परत घेताना तिथेच उभं राहून दहा-बारा फोटो उघडून बघा, वेगवेगळ्या फोल्डरमधले, नुसती छोटी चित्रं नाहीत, मोठे करून. मगच उरलेले पैसे द्या.